हद्दीपलीकडचा चोर

ज्यांच्या दावणीला जनावर आहे त्यांना मी आरंभी सांगणार आहे ती गोष्ट नवीन वाटायची नाही. पहाटे उठून गोठ्यात जावे, तर बैल जागेवर नाही, दावे कापलेले. मालक शेजाऱ्यांना हाका मारतो, पोलीस पाटलांकडे धावतो, तिथून ठाण्यावर जातो. तोवर चोराने रातोरात तालुक्याची हद्द ओलांडून बैल पलीकडच्या जिल्ह्यातल्या बाजाराच्या वाटेला लावलेला असतो. मालक तिथे पोहोचला, बैल त्याला दिसलाही, तरी तिथले फौजदार विचारणारच, "बैल तुमचाच कशावरून?" ज्या मालकाला सांगता येते, की डाव्या शिंगाला खाच आहे, कपाळावर पांढरा टिळा आहे आणि खरेदीची पावती ही पाहा, त्याचा बैल त्याला परत मिळतो. ज्याला नुसते "तांबडा होता हो" एवढेच सांगता येते, तो हात हलवीत घरी येतो.

आजच्या भाषणाचा सारा विषय या एवढ्याशा गोष्टीत आलेला आहे. चोर हद्द मानत नाही. पोलिसाला मात्र ती मानावी लागते. मग चोर हद्दीपलीकडे गेला तर त्याला धरायचे कसे? तालुक्याच्या हद्दीला जे लागू, तेच देशांच्या हद्दींना लागू आहे. फक्त वाट लांबची आणि भाषा परकी.

देशात संस्थाने होती तेव्हाच्या गोष्टी तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या असतील. एका बाजूला निजामाचा मुलूख, दुसरीकडे सांगली, मिरज, जमखिंडी अशा संस्थानांची गावे इंग्रजी मुलखात मध्येमध्ये पेरलेली. गुन्हा एका मुलखात करावा आणि आसरा दुसऱ्या मुलखात घ्यावा, अशी गुन्हेगाराला सोयच होती. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि त्या हद्दी पुसल्या गेल्या. पण देशादेशांमधल्या हद्दी आहेत तशाच आहेत, आणि त्या पुसून टाकाव्यात असे शहाणा माणूस म्हणणार नाही.

तुम्ही म्हणाल, "का बरे? आपल्या पोलिसांनी सरळ दुसऱ्या देशात जावे, चोराची मानगूट धरावी आणि घेऊन यावे." ऐकायला हे बरे वाटते. पण याचा दुसरा अर्थ असा, की दुसऱ्या देशाच्या पोलिसांनीही आपल्या गावात यावे आणि वाटेल त्याला उचलून न्यावे. ते आपल्याला चालेल का? ज्या हद्दीमुळे चोराला आडोसा मिळतो, त्याच हद्दीमुळे तुम्हाआम्हालाही आडोसा मिळतो. हे विसरले, की या विषयातली अर्धी बाजू आपल्याला दिसतच नाही.

याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासातले आहे. १९१० साली विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्ये अटक करून खटल्यासाठी हिंदुस्थानात आणले जात होते. बोटीचे नाव मोरिया. ती फ्रान्समधल्या मार्सेलिस बंदरात थांबणार होती. कैद्याला वाटेत कोणी सोडवू नये म्हणून लंडनच्या पोलीसप्रमुखांनी फ्रेंच पोलीसखात्याला आधीच पत्र लिहिले होते. ८ जुलैच्या सकाळी सावरकरांनी बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली आणि ते पोहत धक्क्यावर आले. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल पडले म्हणजे तिथला कायदा लागू झाला. पण धक्क्यावरच्या एका फ्रेंच शिपायाने त्यांना धरले आणि बोटीवर परत नेले. दुसऱ्या दिवशी बोट त्यांना घेऊन पुढे निघूनही गेली.

फ्रान्सने हरकत घेतली. आमच्या भूमीवरून माणूस असा नेता येत नाही, त्याला परत द्या, असे फ्रान्सचे म्हणणे होते. तंटा हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. सावरकरांना ताब्यात देताना अनियमितपणा झाला हे लवादाने मान्य केले. परंतु केवळ तेवढ्यामुळे त्यांना परत देण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे चूक झाली खरी, पण ती सुधारायची नाही! या निकालाची चर्चा कायद्याच्या ग्रंथांतून आजही होते. दोन देशांच्या पोलिसांचे सहकार्य एका खाजगी पत्रावर आणि एका शिपायाच्या समजुतीवर सोपवले तर काय होते, ते यात दिसते. सहकार्य हवे, पण ते नियमाने बांधलेले हवे.

त्यानंतर तीनच वर्षांनी, त्याच समुद्रकिनाऱ्यावर पूर्वेला असलेल्या मोनॅको या चिमुकल्या राज्यात एक परिषद भरली. ती १९१४ च्या एप्रिल महिन्यात झाली. चोवीस देशांतले पोलीस अधिकारी, वकील आणि न्यायाधीश तिथे जमले होते. आगगाडी आणि आगबोट यांच्यामुळे गुन्हेगार दोन दिवसांत तिसऱ्या देशात जातो, आणि आपली पत्रे मात्र महिनोन् महिने वकिलातीच्या मेजांवर पडून राहतात, ही साऱ्यांचीच अडचण होती. गुन्हेगारांची नोंद एका ठिकाणी असावी, ओळख पटवण्याच्या पद्धती सर्वांनी समजून घ्याव्यात आणि फरारी माणूस परत देण्याची रीत सोपी करावी, असे विचार तिथे मांडले गेले. पण त्याच उन्हाळ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि ते कागद बासनात गेले.

युद्ध संपल्यावर, १९२३ साली, व्हिएन्नाचे पोलीसप्रमुख योहान शोबर यांनी पुढाकार घेतला आणि आंतरराष्ट्रीय गुन्हे पोलीस आयोगाची स्थापना झाली. १९३५ साली या आयोगाने आपले बिनतारी संदेशांचे जाळे सुरू केले. सारे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच मोठा घात झाला. १९३८ साली हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि व्हिएन्नातली ही संस्था नाझींच्या हाती गेली. पुढे, १९४२ साली, तिची कचेरी बर्लिनला हलवली गेली. बहुतेक देशांनी तिच्याशी संबंध तोडले. चोर पकडण्यासाठी तयार केलेले दप्तर अत्याचारी सत्तेच्या हाती पडले, की त्याचा धाक चोराला राहत नाही, सज्जनालाच वाटू लागतो.

म्हणून १९४६ साली बेल्जियमच्या पुढाकाराने ही संस्था पुन्हा उभी करण्यात आली तेव्हा मुख्य कचेरी पॅरिसला गेली आणि तारांसाठी एक आटोपशीर पत्ता निवडण्यात आला. तो पत्ता होता ‘इंटरपोल’. तारेच्या पत्त्याचे नाव पुढे संस्थेलाच चिकटले. १९५६ साली नवी घटना तयार झाली. तिच्या तिसऱ्या कलमाने राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या कोणत्याही प्रकरणात हात घालायला या संस्थेला सक्त मनाई केली आहे. गेल्या वीस वर्षांत सोसलेले सारे त्या एका कलमामागे होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १९८९ पासून मुख्य कचेरी फ्रान्समधल्याच लियाँ शहरात आहे. आज जगातले १९० हून अधिक देश तिचे सभासद आहेत. भारत १९४९ पासून सभासद आहे, आणि १९९७ व २०२२ साली या संस्थेची महासभा दिल्लीतच भरली होती.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. सिनेमात इंटरपोलचा अधिकारी कमरेला पिस्तूल लावून विमानातून उतरतो आणि गुन्हेगाराला बेड्या ठोकतो. प्रत्यक्षात इंटरपोलला कोणालाही अटक करण्याचा अधिकारच नाही. ती फौज नव्हे. तिला पोलिसांचे टपालघर म्हटले तर जवळचे होईल. एका देशाच्या पोलिसांचा निरोप दुसऱ्या देशाच्या पोलिसांपर्यंत पोहोचवायचा, तोही खात्रीचा, त्वरेने आणि सर्वांना समजेल अशा रीतीने, हे तिचे काम. प्रत्येक सभासद देशात तिचा एक राष्ट्रीय केंद्रीय विभाग असतो. आपल्याकडे तो दिल्लीत केंद्रीय अन्वेषण विभागात, म्हणजे ज्याला आपण सीबीआय म्हणतो त्या खात्यात आहे. तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात नोंदलेल्या गुन्ह्यातला आरोपी परदेशी पळाला, तर तो कागद जिल्ह्यावरून राज्याच्या पोलीसखात्याकडे, तिथून दिल्लीला आणि दिल्लीहून लियाँला जातो. पूर्वी याला फार वेळ लागे. हे दळणवळण सुलभ व्हावे म्हणून २०२५ च्या जानेवारीत ‘भारतपोल’ नावाची संगणक-व्यवस्था सुरू करण्यात आली आहे.

लियाँहून निघणाऱ्या सूचनांना रंग दिलेले आहेत. भाषा कोणतीही असो, रंग पाहताच काम समजावे, अशी ही योजना. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात फळ्यावर काढून दाखवावी इतकी ती सोपी आहे. लाल सूचना फरारी आरोपीसाठी असते. निळी सूचना, गुन्ह्याच्या तपासात हव्या असलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवा असे सांगते. हिरवी, अमुक माणूस गुन्हे करणारा आहे, सावध राहा असे बजावते. पिवळी हरवलेल्या माणसासाठी, विशेषतः मुलांसाठी. काळी, ओळख न पटलेल्या मृतदेहासाठी. नारिंगी, येऊ घातलेल्या धोक्यासाठी. जांभळी, गुन्ह्याची नवी युक्ती कळवण्यासाठी. आणि २०२५ पासून, गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता हुडकण्यासाठी, रुपेरी सूचना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आहे.

यातली लाल सूचना वर्तमानपत्रांत फार गाजते. पण ती काही साऱ्या जगावर चालणारे वॉरंट नव्हे. ही एक विनंती आहे: ‘हा माणूस आम्हाला हवा आहे, सापडला तर तुमच्या कायद्याप्रमाणे त्याला थांबवून ठेवा.’ थांबवायचे की नाही, हे प्रत्येक देश आपल्या कायद्याप्रमाणे ठरवतो. थांबवल्यावरही त्याला परत पाठवायचे की नाही, हे तिथले न्यायालय पाहते. या परत पाठवण्याला प्रत्यार्पण म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी १९६२ चा कायदा आहे.

हे सारे कसे घडते ते मुंबईच्या एका प्रकरणावरून पाहू. १२ मार्च १९९३ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या दुपारी शहरात एकामागून एक बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणास मुकली. त्यातला एक आरोपी अबू सालेम देश सोडून पळाला. त्याच्या नावाने इंटरपोलची लाल सूचना निघालेली होती. २००२ साली तो पोर्तुगालची राजधानी लिस्बन इथे सापडला. सापडला म्हणजे मिळाला, असे मात्र नव्हे. पोर्तुगालच्या कायद्यात फाशी नाही आणि जन्मठेपही नाही. जिथे त्या शिक्षा आहेत त्या देशाला माणूस कसा द्यावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. भारत सरकारने हमी दिली, की याला फाशी दिली जाणार नाही आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवले जाणार नाही. तिथली न्यायालये पार करून, २००५ च्या नोव्हेंबरात त्याला भारतात आणण्यात आले. २०१७ साली विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, २०२२ साली, न्यायालयाने सांगितले, की सरकारने दुसऱ्या देशाला दिलेला शब्द पाळलाच पाहिजे.

ज्यांची माणसे त्या दिवशी गेली, त्यांना हे ऐकून काय वाटत असेल? "आमच्या माणसाला कुणी हमी दिली होती?" असे कुणी विचारले, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. मी ते देण्याचा आव आणत नाही. एवढेच म्हणतो, की शब्द दिला नसता तर तो माणूस आपल्या न्यायालयापुढे उभाच राहिला नसता; आणि दिलेला शब्द मोडला, तर पुढचा फरारी मागायला आपण कुठल्या तोंडाने जाणार? बाजारात एकदा पत गेली की पुढची उधारी मिळत नाही. देशांच्या व्यवहारातही तेच आहे.

हे झाले माणसांचे. आता एका मूर्तीची गोष्ट ऐका. १९६१ साली बिहारमधल्या नालंदा येथील पुरातत्त्व संग्रहालयातून चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यांत बुद्धाची एक धातूची मूर्ती होती, सुमारे बाराव्या शतकातली. वर्षामागून वर्षे गेली. ती मूर्ती हातोहाती विकली जात परदेशी गेली. २०१८ साली युरोपातल्या एका कलावस्तूंच्या बाजारात ती मांडलेली होती. जुन्या वस्तूंच्या चोरीवर लक्ष ठेवणाऱ्या काही जाणकारांच्या नजरेस ती पडली. पण नजरेस पडून भागत नाही. आपल्या बैलाप्रमाणेच तिथेही प्रश्न आलाच: ही तीच कशावरून? तेव्हा उपयोगी पडले ते चोरीच्या काळातले जुने फोटो. मेणाचा साचा वितळवून ओतलेली अशी मूर्ती एकासारखी दुसरी निघत नाही. प्रत्येकीची खूण वेगळी. फोटो जुळले. लंडनच्या पोलिसांनी चौकशी केली. ज्यांच्याकडे ती होती त्यांनीही ती परत करण्यास मान्यता दिली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी, आपल्या स्वातंत्र्यदिनी, लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तांच्या हाती ती मूर्ती सुपूर्द करण्यात आली. सत्तावन्न वर्षांनी बुद्ध परत मिळाले, ते एका फोटोच्या आधारावर.

आता तुमच्या गावच्या देवळाकडे वळा. तिथली मूर्ती किती जुनी आहे, किती उंच आहे, कोणत्या धातूची वा दगडाची आहे, कुठे टवका उडालेला आहे, हे कुठे लिहून ठेवलेले आहे काय? समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी काढलेले तिचे फोटो आहेत काय? नसतील, तर उद्या ती गेली तर इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत तिचे नाव घालायचे तरी कशाच्या आधारावर? लियाँची कचेरी कितीही मोठी असली, तरी तिथे पोहोचणारा कागद तुमच्या ठाण्यातूनच निघतो, आणि ठाण्यातला कागद तुमच्या सांगण्यावरून तयार होतो. मुळात नोंदच नसेल तर पुढे साऱ्या जगाचे पोलीस काय करणार? हे काम शाळेतल्या वरच्या वर्गांनी एका सुट्टीत करण्याजोगे आहे. मुलांना गावाचा इतिहास कळेल, आणि देवस्थानच्या पंचांच्या दप्तरी एक उपयोगाचा कागद राहील. त्याची एक प्रत गावाबाहेर, एखाद्या खात्रीच्या ठिकाणी ठेवावी.

अलीकडे चोराला आपल्या गावात पाऊलही टाकावे लागत नाही. तो समुद्रापलीकडे बसून फोन करतो. "मी पोलीस अधिकारी बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे, फोन बंद करू नका, आम्ही तुम्हाला फोनवरच अटक केली आहे," असे दटावून साध्यासुध्या माणसांची आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. एक गोष्ट घरात सर्वांना सांगून ठेवा: फोनवर अटक करण्याची रीत कोणत्याही कायद्यात नाही. दोन देशांच्या पोलिसांना एका माणसासाठी किती कागद करावे लागतात ते तुम्ही आत्ताच ऐकलेत. मग तुमच्यासाठीच सारे फोनवर कसे उरकेल? आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून देशाबाहेर जायला वेळ लागत नाही. तो देशात आहे तोवर अडवता येतो, बाहेर गेला की हद्द आडवी येते.

या धंद्याची आणखी एक काळी बाजू आहे. असे फोन करायला बसवलेली माणसे पुष्कळदा स्वतःच फसवून नेलेली असतात. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून आपल्या देशातल्या तरुणांना आग्नेय आशियात नेले, पासपोर्ट काढून घेतले आणि कोंडून कामाला लावले, असे प्रकार उघडकीस आले आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये म्यानमारच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणले. तेव्हा गावातला मुलगा परदेशी नोकरीला निघाला, तर पेढे वाटण्याआधी दलालाची सरकारी नोंदणी विचारा. पासपोर्टची आणि करारपत्राची प्रत घरी ठेवून घ्या. मालकाचा पत्ता वहीत लिहून घ्या. हा अविश्वास नव्हे. बैल बाजारात पाठवताना आपण त्याची खूण ध्यानात ठेवतो. मग मुलाच्या बाबतीत हयगय का करावी?

जाता जाता एक शंका उरते ती बोलून टाकतो. ‘दप्तर मोठे झाले, जगभर जोडले गेले, उद्या त्यात एखाद्या निरपराध माणसाचे नाव आले तर?’ ही शंका खोटी नाही. राज्यकर्त्यांनी आपल्या राजकीय विरोधकांमागे ही यंत्रणा लावण्याचे प्रयत्न काही देशांत झालेले आहेत. त्यासाठीच तिसरे कलम आहे, आणि त्यासाठीच इंटरपोलच्या दप्तराची तपासणी करणारा एक स्वतंत्र आयोग आहे. त्याच्याकडे कोणीही माणूस अर्ज करू शकतो, आणि चुकीची नोंद काढून टाकता येते. तो आयोग दर वेळी वेळेवर पोहोचेलच असे नाही. म्हणूनच नियम किचकट वाटले, प्रत्यार्पणाला वर्षे लागली, तरी चिडून "हे नियम कशाला?" असे म्हणू नये. ज्या वाटेने चोराला धरून आणायचे आहे, त्याच वाटेने उद्या सज्जनालाही कोणी नेऊ शकतो. त्या वाटेवर नाका असलेला बरा.

श्रोतेहो, बैलाची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. मालकाजवळ खूण असावी, फौजदाराच्या मनात न्याय असावा आणि दोन ठाण्यांमध्ये विश्वास असावा, एवढ्यावर बैल घरी येतो. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी सरकारांच्या हातच्या आहेत. पहिली मात्र तुमच्याआमच्या हातची आहे. ती आजपासून सांभाळू या.